बाराशे नावांची यादी

अर्जेंटिनातल्या रोसारिओत राहणारा नाउएल वेबसाइट बनवायचं एक मोफत फ्रेमवर्क अकरा वर्षं सांभाळत होता. त्यातला पडद्यावर पान मांडणारा भाग त्याच्याकडे होता. रविवारी अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजायला घातलं आणि तेवढ्यात कुणा अनोळखी माणसाची तक्रार आली. "बाराशे नावांची यादी आहे, पण पान कोरंच दिसतंय. उद्या सकाळी आठला लावायचीय. कृपा करा."

"काय जावईबापू, रविवारीसुद्धा फुकटची हमाली?" पेल्यात वाइन ओतत सासऱ्यांनी टोमणा मारला.

"बाबा, गप्प बसा हो," त्याची बायको इवाना म्हणाली. "परीक्षेचा निकाल असेल. पोरं बिचारी ताटकळली असतील. जा रे तू, कर. तुझं ताट मी झाकून ठेवते."

नाउएल आत गेला. बग त्याच्याच जुन्या कोडमध्ये निघाला. चार तासांनी त्याने दुरुस्ती पाठवली, तेव्हा ताटातलं मांस गार झालं होतं. त्या माणसाचं लगेच उत्तर आलं, "दिसतंय! देव तुमचं भलं करो."

सोमवारी इवाना नेहमीसारखी फ्रिजच्या कारखान्यात कामाला गेली. सव्वाआठला तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"अरे, गेटला कुलूप आहे. बाराशे जणांना काढलंय. नावं वेबसाइटवर बघा म्हणतात."

नाउएलने विचारलं, "पान... उघडतंय?"



"हो, झटकन उघडलं. तिसरं नाव माझं."