डाव्या बाजूची जागा

भागू अपघातात गेला, तेव्हापासून कळंबची फुटबॉल टीम दहा जणांनिशीच खेळायची. डाव्या बाजूची त्याची जागा जुने खेळाडू दुसऱ्या कुणाला देऊच देईनात. लागोपाठ चार मॅच हातच्या गेल्या. शेवटी ‘कोच खेळाडूंच्या मुठीत’ असं पेपरात छापून आलं, आणि दादाभाऊ सरांनी चिडून त्या जागी शौर्यला उतरवलं.

शिट्टी वाजायच्या आधी रेफरी त्यांच्याकडे आला. “सर, तुमचे बारा झालेत. एकाला बाहेर घ्या.”

सरांनी दोनदा मोजले. अकराच होते.

तेवढ्यात टीममधला सगळ्यात जुना गडी, गोलकीपर रामदास, जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, शौर्यलाच बोलवा माघारी. भागू नाय ऐकायचा.”