कैरी सोलायचं मशीन

मशीन घर्रकन फिरलं आणि सफरचंदाची साल लांबलचक लोंबकळली. सेठ असा हसला, जसं काय त्याने स्वतःच सोललंय.

"सफरचंदाचा मुरांबा नाही घालत आम्ही," बकुळा म्हणाली. तिने पिशवीतून कैरी काढून काउंटरवर ठेवली. खरवईच्या घरच्या अंगणातली, एका बाजूला फुगलेली, खाली चोच आलेली. "हिला लावून बघते."

रिद्धी बाजूला तोंड फुगवून उभी होती. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. आईचं त्यावाचून काही अडत नव्हतं, म्हणून तर डोकं जास्तच फिरत होतं.

मुरांब्याच्या कैऱ्या घरात बाबाच सोलायचे. आनंदनगरच्या कंपनीत त्यांनी आख्खा जन्म लेथवर काढला. लेथवरून लोखंडाची गुंडाळी सुटते ना, तशी त्यांच्या सोलाण्याखालून साल सुटायची. कुठे तुटायची नाही. शेजारच्या बाया बघायला यायच्या, की बाबा मुद्दाम हळू सोलायचे. संक्रांतीनंतर त्यांना झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. परवा झाडावरच्या कैऱ्या उतरवल्या, तर बाबा उठून आत जाऊन झोपले. जेवायलाही आले नाहीत. आणि आज आई निघाली मशीन घ्यायला. म्हणजे झालं. बाबांचं एक काम उरलं होतं, तेही प्लगला लावून टाकायचं.

बकुळाने कैरी मशीनच्या खिळ्यांवर ठेवून बटण दाबलं. मशीन थरथरत सरकलं, कैरी निसटली आणि गडगडत रिद्धीच्या पायाशी आली.

"भाभी, पकड़ के रखना पड़ता है," सेठ म्हणाला.

"मग नको."

सेठने दुसरं काढलं. मुठीत मावणारं, चार्जिंगचं. "ये देखो. शहाड के सब लोग यही ले जाते हैं."

"आणि फळ?"

"फल दूसरे हाथ में."

"हेही नको."

रिद्धीचं सटकलं. "घ्यायचंच नाही तर आलो कशाला? आणि घेणार असशील तर घरी जाऊन तूच सांग बाबांना, तुमची गरज संपली म्हणून. मी नाही सांगणार."

सेठ एकदम वर पंख्याकडे बघायला लागला.

"झालं बोलून?" बकुळा म्हणाली. "पायाखालची कैरी उचल आता. तुडवशील."

रिद्धीने कैरी उचलून आपटलीच काउंटरवर. सेठने आतून तिसरं मशीन आणलं. जाडजूड, बुडाला रबर, काउंटरच्या काचेला घट्ट चिकटून बसणारं. बकुळाने कैरी खिळ्यांवर दाबली. बटण दाबलं तशी वरची दांडी आपोआप खाली आली, तिने कैरीला डोक्यावरून धरलं आणि पातं फिरायला लागलं. फुगीर बाजूला ते जरा अडखळलं, चोचीवरून घसरलं. साल दोन-तीनदा तुटली. देठाजवळ हिरवं राहिलं.

पण मशीन जागचं हललं नाही. बकुळाचा चेहरा उजळला.

तिने कैरी ओढून काढली, उलटी केली, परत दाबली. हळू. फार हळू. सगळं डाव्या हाताने. उजवा तिने दुकानात शिरल्यापासून कमरेशी पदरात खोचून ठेवला होता, हे रिद्धीला आत्ता दिसलं. कैरी तिरकी बसली. बकुळाने काढली, पुन्हा लावली. सेठ मदतीला पुढे झाला तर तिने मानेनेच नको म्हटलं.

हळू चाललेलं काही रिद्धीला बघवायचं नाही.

"अगं, दुसरा हात काय भाड्याने दिलायस? दोन्ही लाव ना. पटकन होईल."

बकुळाने मान वर केली नाही. डाव्या अंगठ्याने बटण दाबलं आणि कैरी फिरताना बघत राहिली.

"दोन हात मला आहेत गं. सोलायचंय तुझ्या बापाला."