श्रीरंग सरांची खेळपट्टी

"पुन्हा त्या मातीला पाणी?" दमयंतीबाईंनी विचारलं. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. टँकरवरच्या रेटारेटीत त्या घागरीसकट पडल्या होत्या.

"आंघोळीचंच तर आहे," श्रीरंग सर म्हणाले. मोठ्या परातीत बसून केलेल्या आंघोळीचं गढूळ पाणी त्यांनी दोन बादल्यांत ओतलं आणि ते निघाले.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जायकवाडी तळाला गेलं होतं, शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. शाळेच्या मैदानाभोवती फ्लॅटच फ्लॅट उठले होते. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनाही मैदानावर नवी इमारत हवी होती. "खेळपट्टी जिवंत आहे तोवर मैदान तुमचं, सर. वाळली की माझं," ते हसत म्हणाले होते. तात्यासाहेब उगाच हसत नसत.

सर कधीकाळी रणजी खेळले होते. आता गणिताचे तास, पेपरांचे गठ्ठे आणि दुखरे गुडघे. त्या दिवसांतलं उरलं होतं एवढंच, स्वतःच्या हातानं रोलर ओढून घडवलेली ती काळ्या मातीची पट्टी. तिच्यावर त्यांचा जीव होता. पट्टीच्या एका टोकाला भर उन्हाळ्यातही गवत हिरवं होतं.

बादल्या घेऊन सर रोज वसाहतीतून चढ चढत. लोक आधी चिडले. घरचं आंघोळीचं पाणी आहे हे कळल्यावर मात्र बायका वाट सोडू लागल्या, कोणी नमस्कारही करू लागलं. सर मान खाली घालून पुढं जात.

एक दिवस लाइनला पाणी सोडलं, तरी वसाहतीतले नळ कोरडेच राहिले. दुपारी लाइनमन कडुबा लोखंडी गज घेऊन मैदानात आला. जमिनीत गज रोवायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि फुटका पाइप शोधायचा, ही त्याची पद्धत.

"जुनी लाइन हाय सर, कुठून गेली कुणालाच ठावं नाय," तो म्हणाला. "खालच्या घरांचं लई हाल चाललंय." त्याची नजर हिरव्या टोकाकडं गेली. "हितं वल दिसतीय."

"मी ओततो रोज," सर थकल्या आवाजात म्हणाले. "आंघोळीचं पाणी."

"व्हय व्हय, ऐकलंय." कडुबानं गज खांद्यावर घेतला. "तुमच्या पिचला भोकं कशाला पाडू?" त्यानं पलीकडं कुंपणालगत खड्डे खणले आणि हात हलवत परत गेला.

संध्याकाळी दमयंतीबाई रडवेल्या झाल्या. "अहो, आज आंघोळीपुरतंही नाही. प्यायचं तेवढं आहे. आज तरी राहू द्या."

"बरं," सर म्हणाले. त्यांना बायकोच्या हाताकडं बघवेना.

थोड्या वेळानं त्यांनी रिकाम्या बादल्यांवर फडकी टाकली आणि त्या उचलल्या. वसाहतीतून ते खांदे पाडून, दमानं चालत गेले. शेजारच्या गीताबाईंनी बाजूला होऊन हात जोडले.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. सरांनी बादल्या खाली ठेवल्या, गुडघे टेकले आणि हिरव्या गवताला कान लावला.

खालून पाण्याचा आवाज येत होता, गेल्या उन्हाळ्यापासून येत होता तसाच. सरांना हायसं वाटलं.