तटाखालचा तेरडा

संस्थानी बागेतली रानफुलं तोडायला यंदा बंदी आली आणि अनसूयाबाई अडून बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांची गौर म्हणजे त्याच बागेतल्या तटाखालचा तेरडा. बाजारातली जुडी त्यांना चालेना.

गौरी यायच्या दिवशी सुनेने टॅबवर बागेची व्हर्च्युअल सहल लावून दिली. "निदान बघून तरी घ्या, आई."

पडद्यावर तटाखालचा तेरडा दिसताच बाईंनी पदर सावरून त्याला हळदकुंकू लावलं. बोट लागताच चित्र सरकलं. तट मागे पडला, बागेचं फाटक समोर आलं.

"निघाली गं घरी यायला!" बाई हरखल्या.

टॅब सुनेच्या ऑफिसचा. तिने काच पुसायला फडकं घेतलं, सासूकडे पाहिलं आणि टॅब पाटावर नेऊन ठेवला.

"परवा पुसते," ती म्हणाली, "विसर्जन झालं की."