सतरावा मनोरा

पडेगावात आधीच्या फेरीनंतर तेराव्या दिवशी पाण्याचा टँकर आला, तेव्हा सर्व्हेअर श्रीधर रडारची गाडी ढकलत जुन्या शहराला पाणी पुरवणारी नहर शोधत होता. जमिनीखालची नहर स्क्रीनवर सरळ रेघेत उमटत होती. तिच्यावर ठराविक अंतरानं पाण्याचा दाब सांभाळणारे दगडी मनोरे उभे होते, पण सतराव्याच्या जागी सिमेंटचा रस्ता होता.

कडेच्या ओट्यावर मनकर्णाबाई बसल्या होत्या. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेलेली.

"मावशी, इथला मनोरा कुठं गेला, आठवतं का कुणाला?"

"बारा वर्सं झाली. एक साहेब आला व्हता, प्लॉट पाडायला. प्लॉट पाडता पाडता मनोराबी पाडला. म्या म्हणलं, कान लावा, आत पाणी वाहतंय. त्यो म्हणला, 'मावशी, नुसता दगड आहे हा.' तव्हापून खालची विहीर कोरडी हाय."

त्यांना दिसत नाही हे ठाऊक असूनही श्रीधरनं टोपी कपाळावर ओढली.

मनकर्णाबाईंनी टँकरवर भरलेल्या हंड्यातून तांब्या भरला आणि आवाजाच्या दिशेनं पुढं केला.



"घ्या साहेब, पाणी प्या. मावशी म्हणलात, तव्हाच वळखलं."