बिनलेबलचा तवा

गोंदियात अमेरिकी जॅझ आणि ब्लूजचे तवे, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या, जमवणारे वेडे दोघेच, मी आणि मुन्नालाल. रेल्वेतला अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून जाताना मला त्याचे तवे देऊन गेला. एकाचं लेबल पार निघालं होतं. गाणारी कोण, हे ओळखायला मी मुन्नालालला बोलावलं. कान त्याचाच तयार.

गाणं संपलं. ग्रामोफोनची सुई नुसती खरखरत होती, तेवढ्यात तव्यातून बाई बोलली, "अजी, चाय थंडी होऊन राहिली."

मुन्नालालची बायको सावित्रीबाई जाऊन तीन महिने झाले होते.

"वळखली," तो म्हणाला.

"अमेरिकेतली बाई हाय, येड्या."

"मंग नवऱ्याले अजी काऊन म्हणते? तवा मी घरी नेतो."

नाही कसं म्हणणार? आठ दिवसांनी त्यानं तो परत आणून दिला. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा.

तो गेल्यावर मी तवा लावला. गाणं तेच होतं. पण शेवटी ना बाई बोलली, ना सुई खरखरली.

मी तसाच त्याच्या घरी गेलो.

"बस," तो म्हणाला आणि आत बघून हाक मारली, "अवं, आणखी एक कप!"

"आणून राहिली जी," आतून उत्तर आलं. त्या आवाजामागे सुई खरखरत होती.