शेपटी आधी की नंतर

“सांगून कोणाला खरं वाटायचं नाय, पण आमच्याकडे सकाळी न्हाणीघराला रांग लागते. मी दारात उभा राहून नंबर वाटतो,” भिवा भोईर म्हणाले.

मानपाड्यातल्या पाट्यांच्या दुकानात बसणारी कादंबरी कॉम्प्युटरवर त्यांच्या दाराची पाटी जुळवत होती. भिवांच्या शेतावर टॉवर उभा राहिला, त्यातच त्यांना नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मजल्यावर सगळ्यांच्या पाट्या इंग्रजी. म्हणून यांचीही इंग्रजी: भोईर्स.

“काका, ही अ‍ॅपॉस्ट्रॉफीची शेपटी कुठे देऊ?” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “एसच्या आधी दिली तर घर एकट्या भोईरचं. नंतर दिली तर पुष्कळ भोईरांचं.”

भिवा पडद्याजवळ वाकले. स्वल्पविरामाएवढी खूण. पण जाता-येता सगळा मजला ती वाचणार होता.

“नंतर दे. अकरा जण आहोत.”

“अकरा? दोन खोल्यांत?”

“दोन सुना तर ओट्यावर झोपतात. एकीला कूस बदलायची तर दुसरीला उठवावं लागतं. परवा कोलंबीचा टोप उतरवला, मी ताट आणीपर्यंत नुसता रस्सा!”

कादंबरी हसली. शेपटी तिने एसच्या पलीकडे नेली. “मग नावं पण सांगा. खाली बारीक अक्षरांत घालते, फुकटात.”

भिवा अडखळले. मग तिच्या डोक्यावरून समोर बघत सांगू लागले.

“साईनाथ. रुचिता. हर्षित. अ‍ॅडव्होकेट प्राची…”

“वकीलपण आहे घरात?”

“आहे ना. म्हणून तर भांडणं मिटत नाय. लिही. उत्तरा. डॉक्टर आनंद, संध्याकाळी सहा ते नऊ…”

कादंबरीची बोटं थांबली. तिने खुर्ची मागे वळवली. भिंतीवर नमुन्याच्या पाट्या ओळीने टांगलेल्या होत्या.

“काका, खोटं! ही तर सगळी माझ्या भिंतीवरची माणसं. घरात तुम्ही एकटेच ना?”

तिने एकेक नाव पुसलं. मग एसच्या आधी न्यायला शेपटीही हळूच उचलली.

“थांब गो बाय,” ते घाईने म्हणाले. “मराठीत एकट्या म्हाताऱ्याला पण ‘भोईर आले’ म्हणतात. इंग्रजीत नाय म्हणत?”